थंड व्हायला सोडलेली जागा

रविवार, वैशाख वद्य नवमी. स्थळ: कोरेगाव, दस्तगीर मिस्त्रींचे घर. हजर: त्यांच्या पत्नी हलीमाबी, मुलगी आणि जावई, ओतशाळेतले बापू साळुंखे, त्यांच्याबरोबर सकाळच्या गाडीने आलेले भट्टीवरचे लोक, कारखान्याचे मालक, आणि मी. निमित्त: दस्तगीरभाई गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस.

कुठेही गेले तरी आधी कोण हजर आहे ते लिहायचे आणि मग बसायचे, ही माझी जुनी सवय. त्या दिवशीही पिशवीतून वही काढली, नावे उतरवली आणि खाली रेघ मारताना हात अडला. कारखान्यातल्या शनिवारच्या वर्गाची हजेरी इतकी वर्षे मीच लिहीत आले आहे, आणि त्या हजेरीत पहिले नाव नेहमी एकच असायचे... दस्तगीर इमाम शिकलगार. यादी पुरी झाली असे मनाला काही केल्या पटेना.

बातमी आली तो बुधवार होता. मी कारखान्याच्या वसाहतीतल्या बालवर्गात पाट्या गोळा करत होते. बापू साळुंखे दारात आले. बापूंचा आवाज माणसाच्या आधी येतो, फाटकापासून ऐकू येतो. त्या दिवशी फाटकापासून काही ऐकू आले नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "बाई, सकाळी दस्तूभाईचा जावई आलता. भाई ऱ्हायला न्हाई." मी विचारले, "शनिवारी तर वर्ग घेतला त्यांनी?" बापू म्हणाले, "व्हय. फळा बी तसाच हाय."

ज्यांना आमचा कारखाना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कऱ्हाडच्या अलीकडे, रुळांना लागून तो उभा आहे. विहिरीवरचे पंप, उसाचे चरक, मोटेची चाके अशी ओतीव कामे तिथे होतात. लढाई सुरू झाली आणि हाताशी आलेली माणसे एकेक करून निघाली; कोणी पलटणीत, कोणी पुण्या-मुंबईच्या मोठ्या कारखान्यांत. मालकांनी विचार केला, शिकलेला माणूस बाहेरून मिळत नाही तर आहे त्याला शिकवू. त्यातून शिक्षण-मदत निघाली आणि तिचे काम माझ्याकडे आले. मालक म्हणाले, "तुमच्या याद्यांना माणसं भितात, बाई. तुम्हीच करा." योजना साधी होती. कारखान्यात वर्षभर काम केलेल्या कोणालाही, आपल्या कामाला उपयोगी पडेल असे काही शिकायचे असेल, तर फी कारखाना भरणार. अर्धी नाव घालताना, अर्धी निकाल दाखवल्यावर. खातेप्रमुखाची संमती आधी हवी, मागाहून आणलेली चालायची नाही. परीक्षेच्या दिवसाचा पगार कापायचा नाही. नापास झाला तर आणखी एक संधी, त्यापुढे ज्याने त्याने आपल्या खिशातून. पास झाल्यावर दोन वर्षे कारखाना सोडायचा नाही. सोडला तर फी परत. अशा मदतीत मालकाचा नुसता उदारपणा असतो असे लोकांना वाटते. उदारपणा होताच, पण हिशेबही होता, आणि मालक तो लपवत नसत. "मी दान करत नाही, माणूस टिकवतोय," असे ते उघड सांगत. शेवटचे कलम मात्र त्यांनी कुठल्या हिशेबाने घातले ते मला आजवर कळलेले नाही. जो शिकेल त्याने दर शनिवारी, सुट्टीच्या भोंग्यानंतर, बाकीच्यांना तासभर शिकवायचे. ज्याला हे जमणार नाही त्याने फी मागू नये.

पहिल्या वर्षी नावे दिली ती सगळी मिसरूड फुटलेल्या पोरांनी. कोणी इंग्रजी शिकायला, कोणी हिशेब लिहायला. दस्तगीरभाईंचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. मी त्यांना ओळखत होते ती एका दृश्यामुळे. बालवर्गाची पोरे घेऊन मी एकदा ओतशाळेत गेले होते. काळ्या मातीत दाबून केलेला साचा जमिनीवर होता आणि दोघे जण दांडीला लटकवलेल्या भांड्यातून लोखंडाचा रस आणत होते. इतका उजेड की पोरांनी डोळ्यांवर हात घेतले. साच्याच्या तोंडाशी एक उंच, वाळका माणूस वाकून उभा होता आणि नुसत्या बोटाच्या खुणेने सांगत होता, हळू... आता सोड... पुरे. रस आत गेला, ठिणग्या उडाल्या, आणि भोवतीचे सगळे बोलणे थांबले. देवळातसुद्धा मी इतकी शांतता क्वचित अनुभवली आहे. आमच्या वर्गातल्या एकीने विचारले, "आजोबा, आत काय झालं ते दाखवा की." ते म्हणाले, "थंड होऊ दे. गरम असताना उघडलं तर वाटोळं हुतं." पुढे हेच वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले त्याची मोजदाद नाही. कोणी कोणाबद्दल घाईने मत दिले, कोणी रागात राजीनामा लिहून आणला, मी कुठल्या कामाची घाई केली, की त्यांचे एकच: थंड होऊ दे.

तर हे दस्तगीरभाई एके दिवशी माझ्या टेबलापाशी आले. कोपरापर्यंत हात काळे. खुर्ची दिली तर मळेल म्हणून बसले नाहीत.

"बाई, त्या शिक्षनाच्या कागदात वयाचं काय लिवलंय?"

मी पाहिले. म्हटले, "काहीच नाही."

"मग माझं नाव लिवा. ड्रॉइंगच्या परीक्षेला."

मी पेन खाली ठेवले. चाळिशी केव्हाच उलटलेला माणूस. कोरेगावच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत गेलेला. ड्रॉइंगची परीक्षा म्हणजे हायस्कूलच्या मुलांनी द्यायची. कारण विचारले तेव्हा त्यांनी खोकला आवरला आणि मग सांगितले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली होती. माती आणि धूर आत जाऊन बसला आहे, भट्टी सोडा, नाहीतर चार-पाच वर्षांच्या वर मी काही सांगत नाही, असे ते म्हणाले होते. "म्या म्हनलं, सोडतो डॉक्टरसाहेब, पर दुसरं येतंय काय मला?" पॅटर्नखात्यात, म्हणजे जिथे ओतकामासाठी आधी लाकडी नमुने करतात तिथे, एक जागा रिकामी होणार होती. तिथे धूर नाही. पण नकाशा वाचता आला पाहिजे, आणि कारखान्याचा नियम असा की त्यासाठी ड्रॉइंगचे सर्टिफिकेट पाहिजे. त्यांच्या लेखी ही परीक्षा म्हणजे श्वास घेण्याचा प्रश्न होता. मी त्यांचे नाव लिहून घेतले.

ओतशाळेत ही बातमी पसरली आणि बापू साळुंख्यांना पर्वणी मिळाली. "दस्तूभाई, पाटी-पेन्सिल घेतलीस का रं? पुढल्या म्हैन्यात मुंज करू तुझी. पयली भिक्षा बाईंच्या दारात!" भाई शांतपणे म्हणाले, "तू मामा हो बापू. काशीला निघालो तर आडवायला कोन तरी पायजे न्हवं." सगळी भट्टी हसली. पण त्याच दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ते एका कोपऱ्यात बसू लागले. कागद महाग, आणि लढाईच्या दिवसांत तर मिळायचाही नाही. त्यांनी ओतकामाची काळी माती चाळून, ओली करून, थापीने आरशासारखी सपाट केली आणि तिच्यावर खिळ्याने रेघा काढायला सुरुवात केली. चौकोन, वर्तुळ, षट्कोन, वरून दिसणारे, समोरून दिसणारे. झाले की हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा. साचे करणाऱ्याचा हात. मातीवरची ती रेघ इतकी सरळ यायची की मी वाकून पाहत राहायचे.

पहिल्या वर्षी ते नापास झाले.

आम्हाला वाटले, परीक्षेचा धसका. दुसऱ्या वर्षी तयारी दुप्पट केली. हायस्कूलच्या मुलांची जुनी पुस्तके मी मिळवून दिली. मातीवर काढलेले प्रत्येक माप ते आपल्या पट्टीने पुन्हा ताडून बघत. चूक म्हणून निघत नसे. परीक्षेहून आले ते चेहरा खुलवून. "बाई, येक रेघ इकडची तिकडं न्हाई." निकाल आला, पुन्हा नापास. त्यानंतर आठवडाभर ते मला टाळत राहिले. समोरून आले तरी मान वळवून जायचे. खोकला वाढला होता. हलीमाबी एकदा माझ्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी त्यांना सांगा, आता फुरं. लोक हसत्यात त्याचं काय न्हाई, पर आतून तुटत्यात ओ ते." मी सांगणार होते. पण मला एक गोष्ट छळत होती. ज्याच्या हाताला रेघ इतकी वश आहे तो माणूस दोनदा नापास होतो कसा? जिथे उत्तर सापडत नाही तिथे मी दुसऱ्या कोणाला तरी विचारते. हा माझा कामाचा नियम आहे. त्यांची कागदावरची चार चित्रे मी गुंडाळून घेतली, त्यांना जवळजवळ ओढत गाडीत बसवले आणि सांगलीला एका हायस्कूलच्या ड्रॉइंग मास्तरांकडे घेऊन गेले.

मास्तरांनी चित्रे टेबलावर पसरली, चष्मा लावला, आपली लाकडी फूटपट्टी घेतली आणि मोजू लागले. एक माप, दुसरे, तिसरे. मग पहिल्या चित्रापाशी परत आले. म्हणाले, "गंमत आहे. सगळ्या रेघा मोठ्या आहेत. केसभरच, पण मोठ्या. चुकणारा माणूस कुठे जास्त चुकतो, कुठे कमी. हे गृहस्थ सगळीकडे एकाच प्रमाणात चुकले आहेत. असं मी कधी पाहिलं नाही." मग त्यांनी विचारले, "तुमची पट्टी बघू?"

दस्तगीरभाईंनी खिशातून पितळी पट्टी काढली. वीस वर्षे वापरून गुळगुळीत झालेली. ती मास्तरांच्या पट्टीला लावून धरली आणि भाईंचा चेहरा बदलत गेला. मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितले, आणि ते ऐकताना मला ओतशाळेतल्या त्या शांततेची आठवण झाली. वितळलेले लोखंड साच्यात ओतले की थंड होताना आकसते. म्हणून नमुना आणि साचा नेहमी थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी नमुने आणि साचे करणाऱ्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब. आकडे तेच, जागा जास्त. भाईंच्या हातात नोकरी लागल्यापासून हीच पट्टी होती. तीच घेऊन ते परीक्षेला बसले, तिनेच काढले, तिनेच ताडून पाहिले.

त्यांनी दोन्ही पट्ट्या पुन्हा एकदा जोडून पाहिल्या. मग हसायला लागले. इतके की खोकल्याची उबळ आली आणि मास्तरांनी पाणी आणवले. डोळे पुसत म्हणाले, "बाई... कागदाला म्या थंड व्हायला जागा सोडली!"

परत येताना गाडीत मी तिसऱ्या परीक्षेचा विचार करत होते. नियमाप्रमाणे फी आता त्यांची त्यांनी भरायची. मी मालकांपुढे सगळी हकीकत ठेवली. अपवाद करा असे म्हणणार होते, तेवढ्यात मालक म्हणाले, "पट्टी कोणाची?" मी म्हटले, "कारखान्याची." "मग नापासही कारखानाच झाला. त्याची संधी अजून शिल्लक आहे. लिहा तसं."

यापुढचे जे मी पाहिले त्याने मी थक्क झाले, आणि आजही आहे. मला वाटले होते, पट्टी बदलली की काम झाले. तसे झाले नाही. त्यांनी शाळेतली लाकडी पट्टी आणली, पण वीस वर्षांत त्यांच्या डोळ्यातला इंचच मोठा झाला होता. पट्टी न लावता रेघ ओढली की ती केसभर पुढे जायची. "हात आइकत न्हाई, बाई," म्हणायचे. दिवसभर भट्टीवर मोठ्या इंचाने काम करायचे आणि सुट्टीत मातीवर लहान इंच शिकायचा. त्यांना जुने ज्ञान टाकूनही द्यायचे नव्हते, कारण ते टाकले तर पंपाचे सुटे भाग एकमेकांत बसले नसते. दोन्ही इंच एकाच हातात ठेवायचे आणि कुठला कधी बाहेर काढायचा ते ठरवायचे. मी पोरांना अक्षरे शिकवते; कोऱ्या पाटीवर गिरवणे सोपे असते हे मला माहीत आहे. भरलेल्या पाटीवर, आधीचे एक अक्षरही न पुसता, नवे अक्षर लिहिताना मी फक्त याच माणसाला पाहिले. बापूसुद्धा थट्टा विसरले. एकदा मी गेले तर बापूच वाकून मोजत होते आणि ओरडत होते, "आली! दस्तूभाई, बराबर आली! आता हलू नगंस गड्या, हात हितंच वाळू दे!"

तिसरी परीक्षा रमजानात आली. रोजा धरू नका असे मी सुचवले, त्यांनी ऐकले नाही. सांगलीला मी बरोबर गेले होते, कारण भाईंना वाटेत उबळ आली तर कोणी तरी हवे. धुतलेला सदरा, काळी टोपी, हातात लाकडी पट्टी घेऊन ते वर्गात शिरले आणि सगळी मुले ताडकन उभी राहिली. त्यांना वाटले, परीक्षेवर देखरेख करणारे मास्तर आले. भाई दारातच थबकले. मग म्हणाले, "बसा रं पोरांनो. म्या बी तुमच्यातलाच हाय." बाक इतका लहान की गुडघे मावेनात. ते एका बाजूला पाय काढून बसले आणि कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी डोळे मिटून क्षणभर थांबले. व्हरांड्यातून मला तेवढेच दिसले. पुढे मी खिडकीकडे पाहिले नाही. पितळी पट्टी त्यांनी सकाळीच माझ्याकडे दिली होती. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. जवळ आसली तर हात तिच्याकडं जाईल."

ते पास झाले. ओतशाळेत गूळ वाटला तो बापूंनी, आणि सुट्टीनंतर त्यांनीच माझ्या टेबलाशी येऊन, आवाज खाली करून विचारले, "बाई, वयाचं खरंच काय लिवल्यालं न्हाई न्हवं?" पुढल्या वर्षी त्यांचेही नाव माझ्या यादीत होते.

सर्टिफिकेटवाला माणूस न मिळाल्याने पॅटर्नखात्यातली जागा अजून रिकामीच होती; भाई तिथे गेले. डॉक्टरांनी दिलेली मुदत त्यांनी मागे टाकली, पण छातीत बसलेले बाहेर निघाले नाही. तरी लाकडाच्या वासात त्यांचा चेहरा निवळलेला असे. शनिवारचा वर्ग त्यांनी एखाददुसरा सोडला असेल. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याशेजारी दोन खिळे ठोकले. एकावर पितळी पट्टी लटकवली, दुसऱ्यावर लाकडी. म्हणाले, "ही लोखंडाची, ही कागदाची. म्या दोन वर्सं येक घेऊन दुसरीचं काम करीत हुतो. तुमी करू नगा." मास्तर म्हणून ते कडक होते. कौतुकाचा त्यांना कंटाळा. कोणी मन लावून नकाशा काढला आणि आशेने पुढे धरला, की ते तो उलटा करून, उजेडाकडे धरून, पट्टी लावून पाहायचे आणि म्हणायचे, "बरं हाय." याहून मोठी पदवी कोणाला मिळाली नाही. बांधिलकीची दोन वर्षे संपली त्या दिवशी मी त्यांना तसे सांगितले; योजनेप्रमाणे सांगणे माझे काम. "आता तुम्ही मोकळे. दुसरीकडे जास्त पगार मिळत असेल तर जाऊ शकता." त्यांनी विचारले, "आन् शनवारचं?" मी म्हटले, "तेही बंधन नाही आता." ते थोडे रागावलेच. "बंधन म्हनून करतोय असं वाटलं व्हय तुमाला?" पुढच्या शनिवारी माझ्या आधी वर्गात हजर.

कोरेगावात त्या रविवारी फातेहाची प्रार्थना झाली, जेवणे झाली. निघताना हलीमाबींनी दोन्ही पट्ट्या आणून माझ्या हातात दिल्या. शेवटच्या शनिवारी घरी येताना भाईंनी त्या खिळ्यांवरून काढून, फडक्यात गुंडाळून बरोबर आणल्या होत्या. का, ते त्यांनाच ठाऊक. हलीमाबी म्हणाल्या, "हितं कोन वापरनार, बाई? पोरांच्याकडं ऱ्हाऊ द्या." सोमवारी मी त्या जागच्या जागी लटकवल्या. पितळी डावीकडे, लाकडी उजवीकडे.

वर्ग आता बापू साळुंखे घेतात. पण ते भिंतीवरच्या फळ्याला हात लावत नाहीत. एक जुनी फळी काळी रंगवून त्यांनी खुर्चीवर उभी केली आहे. भिंतीवर भाईंचे शेवटचे चित्र तसेच आहे. पंपाचा एक भाग, वरून दिसतो तसा आणि समोरून दिसतो तसा. शेजारी तिसरी चौकट आखलेली आहे, रिकामी. मधोमध कापला तर आत कसा दिसेल ते तिथे काढायचे होते. "घरनं काढून आना, पुढच्या शनवारी म्या काढतो, मग ताडून बघू," असे ते पोरांना सांगून गेले होते. पोरांनी काढून आणले आहे. सगळे कागद माझ्या कपाटात आहेत. मी बापूंना म्हटले, "तुम्ही काढा की. तुम्हाला येतं." बापू म्हणाले, "येतंय हो बाई. रातभर झोपंत बी काढीन. पर त्ये बघनार कोन, आन् बरं हाय म्हननार कोन?"

माझ्या कामाच्या यादीत राहिलेले काम दर सोमवारी नव्या पानावर उतरते. पाट्या दुरुस्त करणे, झाले. नव्या अर्जांवर खातेप्रमुखांच्या सह्या, झाल्या. भिंतीवरचा फळा पुसणे... बाकी.